सातबारा वाचायचा तर आधी त्याचं चित्र काढा



पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. जमलं तर जवळ एक कोरा कागद, पेन्सिल आणि घरातला एखादा सातबारा घेऊन बसा. मधे मधे चित्रं काढायची आहेत. चित्रकला येत नसली तरी चालेल, चौकोन काढता आला की पुरे.

आपल्या विजयदुर्ग-गिर्ये-रामेश्वर पट्ट्यात एकाच नावाचा सातबारा असलेलं घर क्वचितच सापडेल. चुलते, त्यांची मुलं, आत्या, मुंबईतले, पुण्यातले, कधीच न आलेले, असे सगळे त्या एका कागदावर दाटीवाटीने नांदत असतात. गणपतीत चाकरमानी गावात आले की एखाद्या दुपारी तो कागद कपाटातून बाहेर येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "माझां नाव खंय आसा?" नाव सापडलं की हायसं वाटतं आणि कागद पुन्हा पिशवीत जातो. पण नाव कुठल्या रकान्यात आहे, त्यावर आडवी रेघ आहे का, त्याच्यासमोर खाते क्रमांक कुठला, उजवीकडे बारीक अक्षरात काय लिहिलंय, हे बघायचं राहूनच जातं. म्हणजे अक्षरं वाचली, पण कागद वाचला नाही.

प्रत्येक कागदात दोन गोष्टी असतात. एक मजकूर, म्हणजे नावं, आकडे, तारखा. दुसरी मांडणी, म्हणजे तो मजकूर कुठे बसवलाय, किती मोठ्या अक्षरात, कोणाच्या शेजारी, कुठल्या रेघेच्या आत. संगणकवाले या मांडणीच्या नियमांच्या यादीला स्टाइलशीट म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट फार जुनी आहे. नुसतं समजावून सांगायला गेलं तर ती हवेतली वाटते, चित्र काढलं की पटकन डोक्यात बसते. म्हणून आपल्याच मुलखातल्या चित्रांनी बघू.

*चित्र पहिलं : किल्ला*

कागदावर आपला विजयदुर्ग काढा, वरून दिसेल तसा. आत वाडे, कोठारं, देऊळ. त्यांच्याभोवती मोकळी जागा. मग तट. बाहेर तीन बाजूंना पाणी, आणि जमिनीच्या बाजूला पूर्वी होता तो खंदक. आता तो बुजलाय आणि आपण सरळ चालत जिबीच्या दरवाजापर्यंत जातो, पण चित्रात तो काढा.

आता या चार गोष्टींना नावं द्या. आतल्या इमारती म्हणजे मजकूर. इमारत आणि तट यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे आतली मोकळीक. तट म्हणजे चौकट. बाहेरचं पाणी आणि खंदक म्हणजे बाहेरचं अंतर, जे दुसऱ्याला लांब ठेवतं. मोबाईलवर तुम्ही कुठलंही पान उघडा, त्यातलं प्रत्येक शीर्षक, प्रत्येक फोटो, प्रत्येक परिच्छेद हा असा छोटासा किल्लाच असतो. मजकूर, आतली मोकळीक, चौकट, बाहेरचं अंतर, या चारच मापांनी तो बांधलेला असतो. वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

यातला 'बाहेरचं अंतर' हा भाग आपल्याला क्षुल्लक वाटतो. पण दोन घरांच्या मधला गडगा कोणाचा, यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद असतं, हे विसरू नका. कागदावरही तसंच आहे. दोन नावांच्या मधे जागा किंवा रेघ नसेल तर ती एकाच कुटुंबातली की दोन वेगवेगळ्या कुटुंबांतली, हे कळत नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे.

*मायना आणि मर्यादा*

आता थोडं मागे जाऊ. बऱ्याच जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडी कागद आहेत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही. मग वाचणाऱ्याला वाट कशी सापडायची? मांडणीने. वर 'श्री', मग कोणाकडून कोणाला, मग मायना, मग मजकूर, तारीख, आणि शेवटी समाप्तीची खूण. तारखेआधी 'छ' दिसला की तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख, हे जाणकाराला अक्षर लागायच्या आधीच समजायचं.

शिवाजी महाराजांच्या पत्रांत ही मांडणी फार कडक होती. माथ्यावर राजमुद्रा आणि अखेरीस वेगळी छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. अर्थ सरळ आहे, पत्राची मर्यादा इथे संपली. या मुद्रेच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती खोटी, हे बघताक्षणी ओळखता यायचं. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवायचे, तेव्हा जोडावरही शिक्का मारायची पद्धत होती, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. मजकुरातला एक शब्दही न वाचता कागद खरा की खोटा याचा अंदाज यावा, हे काम मांडणी करत होती.

मायना तर आपल्यातल्या पन्नाशीच्या वरच्यांनी स्वतः लिहिलेला आहे. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', परक्या मोठ्या माणसाला 'राजश्री' किंवा 'श्रीयुत'. पत्रात काय लिहायचं ते तुमचं, पण सुरुवात कशी करायची ते नात्यावरून आधीच ठरलेलं. स्टाइलशीट नेमकी अशीच चालते. 'शीर्षक असेल तर असं दिसेल, तळटीप असेल तर तसं दिसेल' अशी यादी एकदा करून ठेवायची. मग प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही.

आणि याच मायन्यात एक बोचणारी गोष्टही आहे. बाई तीच, नाव तेच. नवरा असेपर्यंत 'सौभाग्यवती', गेल्यावर 'गंगाभागीरथी'. तिच्याबद्दलचा मजकूर लिहायच्या आधीच नमुना तिच्याविषयी निकाल देऊन मोकळा. नमुना करणारा समाज त्याला महत्त्वाचं वाटतं तेच त्यात घालतो, हे यातून दिसतं.

*पोंभुर्ल्याचा मुलगा आणि दोन रकाने*

आपल्याच देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. तो दिवस आज महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. दर्पण मराठीतलं पहिलं वृत्तपत्र हे सगळ्यांना पाठ आहे. त्याची मांडणी मात्र फारशी कोणी सांगत नाही. पानावर दोन रकाने होते, एकात इंग्रजी आणि त्याच्या शेजारी मराठी.

जरा विचार करा. इंग्रजीत एक पत्र आणि मराठीत दुसरं पत्र असं काढता आलं असतं. पण राज्यकर्त्याची भाषा आणि रयतेची भाषा एकाच पानावर, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी बसवली की वाचणाऱ्याच्या मनात काय येत असेल? इंग्रजी शिकणारा मराठी मुलगा डावीउजवीकडे बघत शब्द जुळवणार. मराठी शिकणारा साहेब तेच करणार. १८४० मध्ये जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. त्यात भूगोल, विज्ञान, गणित असे विषय नकाशे आणि आकृत्या देऊन समजावलेले असत. जे डोळ्यांना दिसत नाही ते आकृतीने दाखवायचं, ही रीत आपल्या भागातल्या या माणसाने मराठी नियतकालिकांत इतक्या लवकर आणली.

दुसरं उदाहरण तुमच्या भिंतीवर लटकतंय. मालवणचे जयंतराव साळगांवकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केलं. त्याआधी घराघरात पंचांग असायचं, पण ते वाचता यायचं भटजींना. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सगळं कोष्टकात, आद्याक्षरांत, घटका-पळांत. कालनिर्णयने त्यातला घरच्यांना लागणारा मजकूर उचलला आणि महिन्याच्या चौकोनांत मांडला. तारीख मोठी, तिथी लहान, सुट्टी लाल, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. आकाशातला चंद्र काही बदलला नाही. पण चतुर्थी कधी हे विचारायला उठून कुठे जायची गरज राहिली नाही. मांडणी बदलली की ज्ञान कोणाच्या हातात राहतं तेही बदलतं, ते असं.

*चित्र दुसरं : रिकामा सातबारा*

आता मुख्य कागदाकडे येऊ. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक, कोणाचा हक्क ते सांगणारं. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. असे एकूण २१ गाव नमुने आहेत. नमुना ६ म्हणजे फेरफाराची वही, ८अ म्हणजे एका खात्यावर कुठल्या कुठल्या जमिनी आहेत ते. यांची मुळं इंग्रजी अमलातल्या मोजणीत आहेत. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी प्रत्येक शेताला नंबर देऊन मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला. आज चालतो तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा.

कागदावर मोठा आडवा चौकोन काढा. आत नावं लिहायची नाहीत, फक्त खण पाडायचे.

वरच्या पट्टीत गाव, तालुका, जिल्हा, गट किंवा सर्व्हे नंबर आणि हिस्सा, आणि भूधारणा पद्धती, म्हणजे भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर विकताना परवानगी वगैरे बंधनं येतात, म्हणून ही पट्टी आधी बघायची.

डाव्या कडेला क्षेत्राचा खण. लागवडीखालचं किती, पोटखराब किती. आकडा '०.२०.००' असा दिसेल. पहिली जागा हेक्टर, दुसरी आर, तिसरी चौरस मीटर. म्हणजे हे २० आर, ढोबळमानाने २० गुंठे. इथे आकड्यापेक्षा त्याची जागा महत्त्वाची. तोच २० पहिल्या जागेत गेला तर २० हेक्टर होतो, जवळजवळ ५० एकर.

मधे मोठा खण. खाते क्रमांक, भोगवटादाराचं नाव, त्याचं क्षेत्र, आकार, पोटखराब, आणि फेरफार क्रमांक.

उजव्या कडेला 'कुळ, खंड व इतर अधिकार'. बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, वाटेचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, असं सगळं इथे बसतं.

झालं चित्र? आता मधला खण आणि उजवा खण यांच्यामधल्या उभ्या रेघेवरून पेन्सिल जरा दाबून फिरवा. या एका रेघेत कोकणाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आपला सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि रत्नागिरी म्हटलं की खोती. गावाचा सारा खोत गोळा करायचा आणि सरकारात भरायचा. कसणारा वेगळा, कागदावरचा वेगळा. १८८० मध्ये खोतीचा कायदा झाला, तरी कसणाऱ्याची सुटका झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा १९४९ चा. त्याच्या आधी एक वर्ष, १९४८ मध्ये, कुळकायदा आला. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

कागदाच्या भाषेत याचा अर्थ काय? उजव्या खणातलं नाव उभी रेघ ओलांडून मधल्या खणात यायचं. बस्स. शेत तेच, माणूस तोच, नावातली अक्षरंही तीच. बदलायची होती फक्त नावाची जागा.

पण ती जागा आपोआप बदलत नव्हती. कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, ती भरायची, ३२म चं प्रमाणपत्र मिळायचं, त्यावरून फेरफार व्हायचा, आणि मग नाव भोगवटादार म्हणून लागायचं. यातली एखादी पायरी कुठेतरी अडकली, आजोबा वारले, कागद मुंबईला नेला आणि तिथेच राहिला, की नाव अजून उजवीकडेच. अशी उदाहरणं आपल्या अवतीभवती कितीतरी आहेत. घरच्यांना मात्र पक्कं माहीत, "आमचां नाव आसा सातबाऱ्यार." आहे ना. पण रेघेच्या कुठल्या बाजूला?

ज्यांचं नाव मधे आलं त्यांच्याही उजव्या खणात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशा अर्थाची नोंद असू शकते. जमीन विकायला निघाल्यावर ती पहिल्यांदा दिसते. तोवर बोलणी झालेली असतात, कधी कधी विसारही घेतलेला असतो.

*२०२० साली काय बदललं*

२ सप्टेंबर २०२० रोजी राज्य सरकारने सातबाऱ्याची मांडणी बदलायचा निर्णय काढला. त्यात बऱ्याच सुधारणा होत्या. आपल्या कामाच्या तेवढ्या सांगतो.

गावाच्या नावासोबत त्याचा संकेतांक आला. खाते क्रमांक नावाच्या समोर आला. दोन खातेदारांच्या मधे तुटक रेघ आली, आपल्या पहिल्या चित्रातल्या तटासारखी, त्यामुळे कुठलं नाव कुठल्या खात्यातलं ते वेगळं दिसायला लागलं. मयत खातेदार, फेडलेले बोजे यांच्या नोंदी पूर्वी कंसात दाखवायचे, आता त्यावर आडवी रेघ. जुने फेरफार क्रमांक वेगळ्या जागी गेले. शेवटचा फेरफार कुठला आणि कधीचा, ते लिहिलं जाऊ लागलं. आणि एखादा फेरफार चालू असेल तर 'प्रलंबित फेरफार' म्हणून दिसू लागला.

या निर्णयाने कोणाची जमीन एक गुंठाही वाढली नाही की कमी झाली नाही. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, आणि एका आदेशाने त्या सगळ्यांचं रूप बदललं. हे जमलं कशामुळे? नावं आणि आकडे संगणकात एका ठिकाणी साठवलेले आहेत, आणि ते कागदावर कसे दिसावेत याचे नियम वेगळ्या ठिकाणी. नियम बदलले की पुढच्या वेळी छापलेला प्रत्येक उतारा नव्या रूपात येतो. हाताने लिहिलेल्या वह्यांच्या काळात यासाठी प्रत्येक तलाठ्याला प्रत्येक पान नव्याने लिहावं लागलं असतं. स्टाइलशीट म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

वेबच्या जगात ही कल्पना आली १९९४ मध्ये. हॉकॉन विउम ली नावाच्या नॉर्वेच्या अभियंत्याने, वेबचा जन्म झाला त्या सर्न संस्थेत काम करताना, ती मांडली. त्याआधी पानाचा रंग, अक्षराचा आकार हे सगळं मजकुरातच मिसळायला लागत होते लोक. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या नावाने त्याचा पहिला मानक ठरला. तरी लोकांच्या गळी ते उतरेना. २००३ मध्ये डेव्ह शे या कॅनडाच्या डिझायनरने एक युक्ती केली. 'सीएसएस झेन गार्डन' नावाच्या ठिकाणी त्याने एकच मजकूर ठेवला आणि जगभरच्या लोकांना सांगितलं, मजकुराला हात लावायचा नाही, फक्त स्टाइलशीट बदलून दाखवा. एकच मजकूर कितीतरी वेगवेगळ्या रूपांत समोर आला, आणि जे वर्षानुवर्षं समजावून पटत नव्हतं ते बघून पटलं. कालनिर्णय आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवले की जे पटतं, तेच.

*चित्र तिसरं : कुणगे*

सीएसएस मधल्या पहिल्या अक्षराचा अर्थ उतरंडीवरून खाली येणारं पाणी असा आहे. हे तर आपल्याला शिकवायलाच नको. डोंगरउतारावरचे भाताचे कुणगे काढा, एकाखाली एक. पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात येतं. प्रत्येक ठिकाणी मेर आहे. शेतकरी मेर फोडतो किंवा बांधतो, आणि आपल्या कुणग्यापुरता निर्णय घेतो. स्टाइलशीटचे नियम असेच वरून खाली झिरपतात. सगळ्या पानाला एक नियम, त्यातल्या एका भागाला वेगळा, त्यातल्या एका ओळीला आणखी वेगळा. भांडण झालं तर साधारणपणे जवळचा, नेमका नियम जिंकतो.

पण चित्र कुठे फसवतं तेही बघायला हवं. सरकारी कागदालाही अशी उतरंड आहे. वर अधिनियम, त्याखाली नियम, त्याखाली शासन निर्णय, आणि सगळ्यात खाली तुमच्या सातबाऱ्यावरची तलाठ्याने केलेली आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेली नोंद. फरक इतकाच की इथे जवळचा जिंकत नाही. खालची नोंद वरच्या कायद्याच्या विरुद्ध असेल तर ती टिकत नाही. म्हणून 'सातबाऱ्यावर छापलंय, आता काय करणार' असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कलम १५७ प्रमाणे ही नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे.

आणि ज्याला खणच नाही ते कागदावर येतच नाही. घरातली बाई लावणीपासून मळणीपर्यंत शेतात, पण कागदावर तिला ओळ नाही, ती वारस म्हणून येणार तेव्हाच. १९८० च्या दशकाच्या शेवटी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावावर जमीन करायला लावली, ती याच रिकाम्या जागेसाठी. अलीकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम ठरला. बघायला गेलं तर हा नमुन्यातला बदल आहे. पण आईला कागदावर जागा मिळाली, ती त्यामुळेच.

*आता करायचं काय*

एक. तुम्ही काढलेला रिकामा सातबारा खऱ्या सातबाऱ्याशेजारी ठेवा. आपलं नाव कुठल्या खणात पडतं ते बघा. उजव्या खणात असेल तर ३२ग ची, ३२म ची कागदपत्रं शोधायला लागा.

दोन. आजोबांच्या नावावर आडवी रेघ दिसली तर घाबरू नका. जमीन गेली असा त्याचा अर्थ होत नाही. समोरचा फेरफार क्रमांक घ्या आणि नमुना ६ मध्ये तो फेरफार कसला ते वाचा. वारस लागले असतील, तर सगळे लागलेत का ते मोजा. बहिणी, आत्या सुटल्यात का, ते खास बघा.

तीन. 'प्रलंबित फेरफार' ही ओळ दर काही महिन्यांनी बघा. फेरफाराची नोटीस मिळाल्यापासून हरकतीला १५ दिवस असतात. मुंबईत राहणाऱ्याला नोटीस वेळेत पोचेलच असं नाही, पण उतारा मोबाईलवर केव्हाही बघता येतो, आणि १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढता येतो.

चार. हे चित्र घरातल्या शाळकरी मुलांकडून काढून घ्या. पोरांना चौकोन पाडायला आवडतात, आणि ती खण भरायला लागली की असे प्रश्न विचारतात, जे आपण चाळीस वर्षांत विचारलेले नसतात.

शेवटी गावासाठी एक सूचना. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर योजनांच्या पाट्या बऱ्याच असतात. त्यांच्या शेजारी एक मोठा रिकामा सातबारा रंगवून घ्यावा. प्रत्येक खणात दोन ओळी, इथे काय असतं आणि इथे काय बघायचं. एका रंगाऱ्याचं दोन दिवसांचं काम आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे, तेव्हा जे गावात असाल ते या.

तुमच्या सातबाऱ्यात न समजलेला खण असेल तर खाली फक्त खणाचं नाव लिहा. नावं, गट नंबर, उताऱ्याचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका. मुंबईच्या मंडळींपर्यंत ही पोस्ट पोचवा, गणपतीला येतील तेव्हा कागद पिशवीत जाण्याआधी पाच मिनिटं जास्त उघडा राहील.